जुन्ना तरियाचे शिंगाडे

नागपूर,
१८ नोव्हेंबर २००७

ती. आत्या,

सुखरूप पोचले. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू मनानेच ठरवतेस, म्हणून पत्र. तुझ्या घरी महिनाभर फुकट जेवले, तुझ्या अंगणात चिखलाचे बूट वाळवले आणि तुझी मच्छरदाणी कापून जाळीला ठिगळ लावलं. ते शेवटचं तुला अजून कळलं नसेल. आता रागावून घे.

बातमी अशी की तुझ्या घरामागचा तलाव, तुमचा जुन्ना तरिया, पहिला आला! रायपूरभोवतीचे इतके तलाव पालथे घातले, नव्या राजधानीच्या आखणीत आलेलेसुद्धा, पण चतुर किडे आणि त्यांची बारीक अंगाची भावंडं, टाचण्या, यांच्या इतक्या जाती कुठेच नाहीत. बीरगांवात, उरल्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांच्या सावलीत हे पाणी असं जिवंत असेल यावर आमच्या संस्थेच्या नरेश सरांचा विश्वासच बसेना. मी फोटो पुढे केले तेव्हा पटलं.

तुला ती हळदीच्या अंगाची टाचणी आठवते ना? हरिदासने तरियात लावलेल्या शिंगाड्याच्या पानांवर जोडीजोडीने बसायची ती. तू म्हणालीस, 'हा नवरा तिची मान धरून काहून उभा आहे?' तेव्हा मी घाईत होते. आता सांगते. मादी पानाच्या देठाला बारीक चीर पाडून त्यात अंडी घालते आणि तिला दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून तो मान सोडत नाही. काम सगळं तिचं, रुबाब त्याचा. म्हणजे हरिदासची पानं नसती तर यांचं बाळंतपण कुठे झालं असतं?

अहवाल परवा दिला. शेवटचं शिफारशींचं प्रकरण एका बैठकीत उरकलं, ते नेहमीचंच असतं. या अहवालावर माझं नोकरीत कायम होणं अवलंबून आहे, तेव्हा देवाजवळ माझं नाव घे. हरिदासला सांग, असे गोड शिंगाडे मी जन्मात खाल्ले नाहीत.

तुझी,
कौमुदी


बीरगांव, रायपूर,
९ डिसेंबर २००७

चि. कौमुदी,

मच्छरदाणीचं भोक मला तू गेलीस त्याच दिवशी सापडलं. डासांनी दाखवलं. तुझा बाप लहानपणी माझ्या रिबिनी पतंगाला लावायचा, तेव्हा वळण कुठून आलं ते कळलं.

तुझं पत्र मी पाऱ्यात, आमच्या साऱ्या वस्तीत, सगळ्यांना वाचून दाखवलं. हरिदास म्हणाला, "एला गिन के का होही दीदी?" मोजून काय होणार! मी म्हटलं, "अरे, पोट्टी उन्हात उभी राहून राहून काळी पडली, ती काय उगाच? तुझा तरिया सरकारदरबारी पहिला आला, आता त्याले कोणी हात लावणार नाही." त्याची बायको पद्मिनी हसली आणि तुझ्यासाठी म्हणून आणखी पसाभर शिंगाडे माझ्या पदरात टाकून गेली. ते मीच खाल्ले.

पण इकडे एक काळजी झाली आहे. राजधानी झाल्यापासून इथल्या जमिनीला डोळे फुटले आहेत. तरियाच्या पश्चिमेच्या अंगाला ट्रक येऊन कारखान्याची राख ओतून जातात. आधी भराव, मग प्लॉट, हे आम्ही शेजारच्या डबरीचं पाहिलं आहे. म्हणून मी डोकं लढवलं. तुझा अहवाल ज्यांच्याकडे गेला त्या तलावांच्या सरकारी योजनेचे साहेब येऊन गेले, त्यांना एक अर्ज दिला. 'आमच्या तरियाबद्दलच्या अहवालात जे जे लिहिलं आहे ते सर्व लवकरात लवकर अमलात आणावे.' माझं हिंदी तुला माहीत आहेच, तुझ्या आतोबांच्या रेल्वे हपिसातले साहेबसुद्धा मसुदा माझ्याकडून करून घ्यायचे. पाऱ्यातल्या झाडून सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. हरिदासचा पहिला.

तुझा अहवाल इंग्रजीत, तो मी काही वाचला नाही. पण लिहिणारी कोण हे मला माहीत आहे ना.

सर्दीला हळद-दूध घेत जा.

तुझी आत्या,
इंदू


नागपूर,
२ फेब्रुवारी २००८

ती. आत्या,

काय बाई आहेस तू! तुझा अर्ज इथपर्यंत गाजला. नरेश सरांनी मला बोलावून सांगितलं, "लोकांनी स्वतः मागणी केली, असं पहिल्यांदाच झालं." जुन्ना तरिया योजनेत घेतला. ट्रक आता बंद होतील. आणि मला कायम जागेवर घेतलं आहे! अजून दीड वर्ष प्रोबेशनचं, परीक्षेचं आहे, पण ते नावापुरतं.

मी इतकी खूश आहे की तुला काय सांगू. माझ्या लिहिण्यामुळे एक तरी तलाव वाचला. पेढे पाठवते आहे, हरिदासकडे आधी दे.

तुझी,
कौमुदी


बीरगांव,
१४ जुलै २००८

चि. कौमुदी,

पत्राला उशीर झाला. गुडघे दुखतात, दुसरं काही नाही.

तरियाला कुंपण झालं. तारेचं आहे, उंच आहे, फाटकाला कुलूप आहे. राख ओतणं थांबलं. पाणी अगदी साफ केलं, एक पान म्हणून ठेवलं नाही. फाटकावर मोठा फलक लावला आहे. त्यावर तुझ्या त्या पिवळ्या टाचणीचं चित्र आहे, हातभर लांब. खाली काहीतरी मनाई लिहिली आहे.

मी हल्ली तिकडे जात नाही. गुडघ्यांमुळे.

बाकी सर्व ठीक. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

इंदू आत्या


नागपूर,
२० ऑगस्ट २००८

ती. आत्या,

फलकावर माझी टाचणी! फोटो काढून घे ना कोणाकडून तरी, मी टेबलावर लावीन. इकडे चंद्रपूरच्या कामात मान वर करायला वेळ नाही, म्हणून तुझ्यावर एक काम टाकते. गुडघ्यांना तेल लाव आणि एखाद्या सकाळी तरियावर जाऊन बस. पिवळ्या किती दिसतात तेवढं कळव. आणि या वर्षी हरिदासचे शिंगाडे मला हवेतच. तू खाऊन टाकू नकोस.

तुझं पत्र फार छोटं होतं. माझ्यावर रागावलीस का? मच्छरदाणी नवी घेऊन देते.

तुझी,
कौमुदी


बीरगांव,
८ नोव्हेंबर २००८

चि. कौमुदी,

सोबत पार्सल आहे. शिंगाडे हरिदासने दिले. तुझी आठवण काढतो. पद्मिनीही काढते. पिवळ्या टाचण्या पुष्कळ आहेत.

तुझी आत्या


नागपूर,
१६ नोव्हेंबर २००८

आत्या,

पार्सल उघडलं, दोन शिंगाडे सोलून तोंडात टाकले, तिसरा सोलताना हात थांबला.

पावसाळ्याच्या तोंडाशी वेल पाण्यात लावला तर दिवाळीला शिंगाडे येतात. आणि तुझं जुलैचं पत्र म्हणतं, फाटकाला कुलूप आहे, पाण्यावर एक पान म्हणून नाही. मग हे शिंगाडे कुठल्या वेलाचे? आणि पानं नाहीत तर पिवळ्या पुष्कळ कशा? बाकी कोणाला चालून गेलं असतं गं, पण मी याच गोष्टींचा पगार घेते. ते पत्र मी तेव्हा वाचलं आणि मला त्यातला फक्त फलक दिसला.

मग कपाटातून अहवाल काढला. माझ्याच अहवालाचं शेवटचं प्रकरण मी सही केल्यानंतर आज पहिल्यांदा वाचलं. त्यात आहे: 'तलावातील लागवड, गुरे धुणे, स्नान आणि इतर सर्व मानवी हस्तक्षेप पूर्णपणे थांबवावा.' आत्या, हे वाक्य जुन्ना तरियाचं नाहीच. ते दोन वर्षांपूर्वीच्या जंगलातल्या ओढ्याच्या अहवालातलं आहे. तिथे ते बरोबर होतं. इथे मी ते उचलून चिकटवलं, कारण मला संध्याकाळच्या आत काम संपवायचं होतं. तुला मात्र दोनच दिवसांनी ऐटीत लिहून पाठवलं की हरिदासची पानं नसती तर यांचं बाळंतपण कुठे झालं असतं. मला माहीत होतं, तरी अहवालात मी ते वाक्य लिहिलं. अडाण्याने चूक केली तर त्याला माफ तरी करता येतं.

मला खरं काय ते लिही. काही लपवू नकोस. हात जोडते.

कौमुदी


बीरगांव,
३० नोव्हेंबर २००८

चि. कौमुदी,

शिंगाडे गोल बाजारातले. मीच जाऊन आणले. पिशवीतून ओतून कागदात बांधले, म्हणजे पिशवीवरचं दुकानाचं नाव दिसू नये. या वयात मी अशी चोरटी झाले.

आता ऐक. कुंपण मे महिन्यात झालं. हरिदासने रोपं घरामागच्या खड्ड्यात जगवून ठेवली होती. रोज साहेबांकडे जाऊन बसायचा, एक कोपरा तरी द्या म्हणून. साहेबांनी त्याला कागद दाखवला. तुझा नव्हे, माझा. खाली त्याचाच अंगठा होता. पाऊस लांबला तसा खड्डा आटला आणि रोपं त्यातच वाळली. बी सुद्धा गेलं. आता तो उरल्याला लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातो. आयुष्यभर छातीभर पाण्यात उभा राहिलेला माणूस भट्टीपुढे उभा राहतो. बाया आंघोळीला आणि धुण्याला नळाच्या रांगेत भांडतात. म्हशी विकल्या दोघांनी.

तो मला एक शब्द बोलला नाही. मीच एकदा रस्त्यात थांबवलं, म्हटलं, "हरिदास भैया, मुझे मालूम नहीं था।" तो म्हणाला, "तैं कहे त मैं अंगूठा लगा देंव दीदी." तू म्हणालीस म्हणून लावला. एवढंच बोलून सायकलवर बसला. कौमुदी, त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपले असते.

पद्मिनी मला पाहून रस्त्याची बाजू बदलते. वीस वर्षं या पाऱ्याचे रेशनचे, पेन्शनचे, शाळेचे कागद मी लिहिले. आता कोणी कागद घेऊन येत नाही. माझं घर तेच आहे, पण दाराशी कोणी थांबत नाही. गुडघे माझे ठणठणीत आहेत. मी तिकडे जात नाही कारण मला तोंड दाखवायची लाज वाटते.

तुला सांगितलं नाही, कारण तू इतकी खूश होतीस. आणि दुसरंही एक आहे. तुझं वाक्य मी वाचलं नव्हतं, पण न वाचता दुसऱ्यांचे अंगठे घेतले ते मीच. तुला सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं.

पाण्यावर एकही टाचणी नाही. फलकावर तेवढी एक आहे.

आत्या


नागपूर,
११ जानेवारी २००९

आत्या,

तुझं पत्र आल्यापासून रोज लिहायला बसते आणि उठते.

नरेश सरांशी बोलले. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, "अहवाल मंजूर झाला, त्यावर योजना झाली. आता लेखी 'चुकलं' म्हणालीस तर संस्थेचे सगळेच अहवाल लोक उकरतील. आणि तुझी परीक्षेची मुदत संपायची आहे, हे विसरू नकोस." बाबांच्या आजारपणानंतर घर माझ्याच पगारावर आहे, ते तुला ठाऊकच आहे.

ऑगस्टमध्ये मी कायम होईन. त्यानंतर लगेच दुरुस्तीचं पत्र देईन, अगदी शपथ. तेवढे महिने कळ काढशील का? हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे. पण खोटं लिहिण्यापेक्षा हे बरं.

कौमुदी


बीरगांव,
१९ जानेवारी २००९

चि. कौमुदी,

नोकरी सांभाळ. मी खरंच म्हणते आहे. भाऊच्या औषधांचं मला कळतं.

फक्त एक विचारते, तुलाच जास्त माहीत असेल. वेल जूनमध्ये लावतात ना? मग ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं, तर हरिदासचं हेही वर्ष गेलं. तिसऱ्या वर्षी तो परत पाण्यात उतरेल असं मला वाटत नाही.

माझं मी करते आहे. परवा त्याच्या दारी गेले. पद्मिनीने बसायला सांगितलं नाही, मी जमिनीवर बसले. म्हटलं, नवा अर्ज लिहिते, फाटक उघडा म्हणून. हरिदास रात्रपाळी करून आला होता, डोळे लाल. म्हणाला, "पहिली पूरा पढ़ के सुनाव. अब बिन सुने अंगूठा नइ लगावंव." आधी पूर्ण वाचून दाखवा, आता न ऐकता अंगठा लावणार नाही. माझा अर्ज नव्हे गं, तुझा अहवाल. त्याच्या तरियाबद्दल काय काय लिहिलंय ते त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं आहे.

मला इंग्रजी येत नाही. कोणा परक्याकडून वाचून घेऊ, की तू येतेस?

इंदू आत्या


नागपूर,
३ मार्च २००९

आत्या,

बीरगांवाहून परत येऊन आठ दिवस झाले. तू वाटेत खायला दिलेल्या डब्याबद्दल पत्र लिहायचं म्हणून बसले आणि जिथे अहवाल वाचला तोच ओटा पुन्हा डोळ्यांपुढे आला.

तू मला सगळ्यांमध्ये बसवलंस आणि स्वतः माझ्या शेजारी बसलीस, समोर नाही. ते मी विसरणार नाही. पहिली पानं वाचताना सगळे हसत होते. पिवळ्या टाचणीचा नवरा मान धरून उभा राहतो, हे हिंदीत सांगितलं तेव्हा पद्मिनीसुद्धा हसली. मग शेवटचं प्रकरण आलं. मला वाटलं होतं, ते वाक्य मी भरभर वाचून जाईन. पण हरिदास म्हणाला, "फेर पढ़." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्याने म्हटलं नाही, तरी मीच वाचलं. मग पद्मिनीने विचारलं, "दीदी, हमन ला कीरा-मकोरा ले घलो कम समझे का?" आम्हाला किड्या-मकोड्यांहूनही कमी समजलात का? मी म्हटलं, नाही. समजायला आधी विचार करावा लागतो, तो मी केलाच नाही. ते लिहिताना तुम्ही कोणी माझ्या मनात नव्हता. हे ऐकून तिला बरं वाटलं नाही, आणि वाटायलाही नको होतं.

हरिदासने तुझ्या नव्या अर्जावर अंगठा लावला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

दुरुस्तीचं पत्र मी त्या अर्जासोबतच योजनेच्या साहेबांना दिलं, माझ्या नावाने, संस्थेला न विचारता. नरेश सरांनी काल मला बोलावलं. एप्रिलपासून मी या संस्थेत नाही. मला एका शाळेत जीवशास्त्र शिकवायचं काम मिळतंय, बाबांच्या औषधांपुरतं भागेल. तू आता हळहळशील, म्हणून सांगते, हळहळू नकोस. मी हे मोठेपणाने केलं नाही. आधी कळ काढ म्हणून तुलाच लिहिलं होतं, ते पत्र तुझ्याकडे आहे. फाडू नकोस.

कौमुदी


बीरगांव,
२२ नोव्हेंबर २००९

चि. कौमुदी,

तुझ्या शाळेतल्या पोरांनी तुला 'चतुर बाई' नाव ठेवलं हे वाचून पुष्कळ हसले. शोभतं.

फाटक जूनच्या शेवटी उघडलं. कुंपण तसंच आहे, फलकही आहे, पण मनाईच्या ओळीवर कोणीतरी डांबर फासलं. ते मी नाही, इतकंच लिहिते. बाया घाटावर परतल्या. हरिदासने कुठूनतरी लांबच्या गावाहून ओंजळभर बी मिळवलं आणि एका कोपऱ्यात वेल लावला. बाकीचा तरिया उघडाच आहे. कारखान्याची पाळी त्याने सोडलेली नाही. सकाळी पाळीवरून येतो, पाण्यात उतरतो, मग झोपतो. एका वर्षात पुष्कळ म्हातारा झाला.

मी आता रोज काठावर जाऊन बसते. पद्मिनी बाजू बदलत नाही, बोलतही नाही. गेल्या आठवड्यात मात्र तिच्या सुनेने पेन्शनचा कागद आणला. मी आधी पूर्ण वाचून दाखवला, मगच लिहिला. तुझ्या पिवळ्या त्या एका कोपऱ्यात आल्या आहेत. फार नाहीत. त्यांचे नवरे मान धरून उभे असतात बिचारे, तशी पानांवर गर्दी नाही अजून.

शिंगाडे लागले. पण हरिदासने ते कोणालाच दिले नाहीत, सगळे पुढच्या बियाण्यासाठी ठेवले. मी मागितले नाहीत.

सोबत पार्सल आहे. हे शिंगाडे गोल बाजारातले आहेत, पिशवी त्या दुकानाचीच आहे. हरिदासने दिलेले नाहीत, आणि त्याने तुझी आठवण काढली नाही. ज्या वर्षी काढील, त्या वर्षी तसं लिहीन.

तुझी आत्या,
इंदू